उपाशीपोटीचा आकडा

मी साखर मोजायचं यंत्र बोलतोय. ग्लुकोमीटर म्हणा हवं तर. तळहाताएवढं अंग आणि रक्ताच्या एका थेंबाची भूक. खोटं बोलायला मला कुणी शिकवलंच नाही, तरी या घरात खोटारडा ठरलो तो मीच.

मला आणलं सुनेने. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उपाशीपोटी साखर एकशे चाळीसच्या खाली आल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलेलं. सासूबाईंना नातवाचं तोंड एकदा धड पाहायचं होतं. सात महिन्यांचं ते पोर त्यांना धुक्यातल्यासारखं दिसायचं.

रोज सकाळी सात वाजता, बाळ कडेवर घेऊन, सून मला टेबलावर मांडायची.

"आई, पोटात काही नाही ना?"

"काही नाही गं. टोच एकदाची."

मी थेंब चाखायचो आणि जे होतं ते सांगायचो. एकशे ब्याऐंशी. एकशे नव्वद.

"मी साखरेला शिवत नाही," सासूबाई म्हणायच्या. "मग ही येते कुठून? रात्री जेवायला कोण वाढतं, तूच ना?"

सुनेने भात कमी केला, बटाटा बंद केला, साखरेचा डबा घरातून हद्दपार केला. तरी आकडा हटेना. शेवटी मीच बिघडलो असेन म्हणून तिने स्वतःचं बोट टोचून पाहिलं. ब्याण्णव. स्वतःची साखर चांगली निघाली म्हणून तोंड पाडून बसलेली बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

घरच्या डॉक्टरांनी आकड्यांची वही चाळली आणि गोळी वाढवली. महिन्याने पुन्हा वाढवली.

मग एका सकाळी दूध नासलं. त्या दिवशी मी म्हणालो, एकशे अठरा.

"आई, जमलं!" सुनेने बाळाला उंच उचललं. सासूबाई हसल्या, गोळी घेतली आणि आंघोळीला गेल्या. बराच वेळ आवाज येईना म्हणून सुनेने दार ढकललं. त्या फरशीवर पडलेल्या, घामाने निथळत, मनगट वाकडं. मी अठ्ठेचाळीस दाखवले. साखरेचं पाणी पाजायचं, तर घरात चिमूटभर साखर नाही. सून अनवाणी शेजारी धावली.

"आज वेगळं काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही. सहाचं दूध तेवढं राहिलं."

"कुठलं दूध?"

"रोजचंच. मोठा पेला, सायीसकट. पण बिनसाखरेचं हो!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आजी, वरून घातली नाही तरी दुधाची स्वतःची साखर असतेच. साय असली तर साखर फार तर सावकाश चढेल. दूध पिऊ नका असं नाही, पण मोजून प्या, आणि तपासणी झाल्यावर. मी इतके दिवस दुधाच्या आकड्यावर गोळी वाढवत होतो."

"आई, मी रोज विचारत होते ना?" सून पुटपुटली.

"दूध म्हणजे काय जेवण आहे? दूध प्यायलात का, असं विचारायचंस."

"हो," ती म्हणाली. "चुकलंच माझं."

मला ओरडावंसं वाटलं. पण मला फक्त आकडे बोलता येतात. आणि खरं सांगू? मीही कधी विचारलं नव्हतं.

आता सासूबाईंचा हात प्लास्टरमध्ये आहे आणि ऑपरेशन पुढे ढकललंय. "मेलं यंत्रच खोटं. एक दिवस चांगला आकडा दाखवला आणि मला पाडलं," असा माझा निकाल लागला. नवं यंत्र आलं. मी खणात पडून आहे, बुटांच्या जुन्या नाड्यांशेजारी.

माझ्या भावंडांपैकी कुणी तुमच्या घरी असेल, तर एवढं ऐका. आकड्यावरून कुणाला बोल लावण्याआधी ओट्यावरचा पेला पाहा, ओला आहे का ते.

काल खण अर्धा उघडा राहिला होता. बाळाला दात आलाय म्हणे. सासूबाईंनी बऱ्या हाताचं बोट त्याच्या तोंडात घातलं. तेच बोट, मी रोज टोचायला लावलेलं.

"एकच आहे का गं?"

"दोन आहेत, आई. शेजारी शेजारी."