अठरा दारांचं बियाणं

माजं तोंड वाईट हाय, ह्ये आधीच सांगून टाकतो. सकाळी उठून कुनावर तरी खेकसल्याबिगर मला चहा ग्वाड लागत न्हाई. पर लबाडी मी जन्मात केली न्हाई. आन् तरी ह्या पौषात माझ्या बायकूनं, चिंगीनं, मला लबाड ठरवलं. त्ये बी तोंडानं न्हाई, नुसतं डोळ्यानं. तोंडानं म्हणली असती तर मी बी दोन शब्द ऐकवले असते आन् मोकळा झालो असतो.

आमची वाडी आंदर मावळात, डोंगराच्या पोटाशी. मोजून एकोणीस घरं. यष्टी दिसातनं दोनदा, ती बी तिच्या मनात आलं तर. भात निघालं की हिवाळ्यात आमाला तसं निवांत. भाताच्या खाचरात मसूर आन् वाल उभा असतो. धुकं हटंस्तवर चुलीम्होरं बसायचं आन् पुढल्या साली कुटं काय लावायचं त्यावरनं भांडायचं. रोपाच्या जागी शेण आन् पालापाचोळा पसरून जाळायचा, त्याला आमी राब भाजणं म्हणतो. त्ये काम शिमग्याच्या आगंमागं. पर राब कुठल्या भातासाठी भाजायचा ह्याचं भांडण आमच्यात पौषातच पेटतं.

औंदाचं भांडण खालच्या खाचरावरनं. वड्याकडंचं, गाळाचं, पाणी धरून ठेवणारं, आमच्यात समद्यात झ्याक खाचर त्ये. मला तितं इंद्रायणी लावायचं व्हतं. चिंगीला आईचं भात.

आईचं भात म्हंजी तिच्या आईचं. त्याचं दुसरं नाव आमाला ठावं न्हाई. बारीक, तांबूस दाणा, आन् चुलीवर चढलं की वाडीभर वास. तिच्या म्हायेरचं शेत कवाच धरणाच्या पाण्याखाली गेलं. आईनं जाताना पसाभर भात हिच्या पदरात टाकलं, तेवढंच म्हायेर उरलं. चार सालं चिंगीनं त्ये वरच्या तुकड्यात पोरासारखं वाढवलं. औंदा कुटं बियाण्याचं एक पोतं झालं.

आजून एखादं झालं असतं, पर बाईला तोरणाचं खूळ! दर दिवाळीला ती आईच्या भाताच्या लोंब्यांचं तोरण इणती. त्याची काडी लांब आन् चिवट, इणायला बरी. बरं, आपल्या दारापुरतं इणावं का न्हाई? न्हाई. एकोणीसच्या एकोणीस दारांना! लोंब्यांचा भाराच्या भारा त्यात जातो आन् वरसभर चिमण्या खाऊन माजतात.

"चिमण्यांसाठी शेती करतीस का गं?" मी दर साली इचारतो.

"व्हय. चिमण्या खाऊन गप उडून जात्यात. तुमच्यासारख्या खेकसत न्हाईत," ती म्हणती.

तर झालं असं. संक्रांतीच्या चार दिस आधी आमचा थोरला, उमेश, पिकअपमधी बांबू भरून लोणावळ्याला निघाला. बांबू मागं ह्ये लांब आलेलं. रस्त्याला पोलीस अडवील म्हणून त्यानं वरडून सांगितलं, "आबा, शेवटाला बांधाया तांबडी चिंधी द्या, बिगी बिगी!" मी घरात शिरलो. कोपऱ्यात भाताची चार पोती, एकाच्या तोंडाला बियाण्याची खूण म्हणून चिंगीनं बांधलेली तांबडी चिंधी. सोडली आन् बांबूला बांधली. परत दुसरी बांधीन म्हणलं. आन् इसरलो. असा मी शहाणा!

भोगीच्या आदल्या दिशी सणाला तांदूळ पायजेत म्हणून त्यातली तीन पोती घेऊन गिरणीवर गेलो. मशीन धडधडत व्हतं, गिरणीवाल्याशी गप्पा रंगल्या व्हत्या. तिसरं पोतं वतलं आन् थोड्या वेळानं मला वास आला.

पुढं हात घातला तर हातात बारीक तांबूस तांदूळ. "बंद कर! बंद कर!" मी बोंबललो. त्यानं बंद केलं तवर वरती दाणा शिल्लक न्हवता.

घरी येऊन पोतं तिच्या पुढं ठेवलं आन् समदं सांगितलं. चिंधीचं, बांबूचं, इसरल्याचं. चिंगीनं मूठभर तांदूळ हातात घेतले, नाकाशी नेले आन् परत पोत्यात सोडले. मग माझ्याकडं बघितलं.

"आता खालचं खाचर तुमालाच मोकळं झालं," ती म्हणली आन् आत गेली.

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. हिला वाटतंय मी मुद्दाम केलं! खाचरासाठी!

भोगी अशीच गेली. तिनं बाजरीची भाकरी वाढली, भाजी वाढली, वर लोण्याचा गोळा बी घातला, पर शब्द न्हाई. सुनेला म्हणलं, "रूपा, तू तरी सांग तिला." तर ती म्हणली, "आबा, मी न्हाई बाई तुमच्यात पडायची." मी गोठ्यात जाऊन बैलावर खेकसलो. बैलानं बी त्वांड फिरवलं. खरं सांगतो, तीस वरसांत मला असं कदी रडू आलं न्हवतं.

संक्रांतीच्या सकाळी दारात बसलो व्हतो. डोक्यावर चिमण्यांचा कलकलाट. सवयीनं हात उगारला, "हाट् हाट्" करायला वर बघितलं आन् हात तसाच ऱ्हायला.

तोरण! ह्याच सालचं, दिवाळीचं. चिमण्यांनी निम्मं खाल्लेलं, पर निम्मं भरलेलं. आन् असली आजून अठरा!

पाटी डोक्यावर घेतली आन् सुटलो. पहिलं घर अंबूबाईचं. वाडीतली समद्यात म्हातारी बाई ती, आन् जीभ माझ्याहून तिखट.

"मावशे, तुजं तोरण दे," मी म्हणलो.

"का रं शिदू? सणाच्या दिशी लोकांची दारं उघडी पाडायला निघालास व्हय?"

मग सांगावंच लागलं. ती काठीवर हनुवटी टेकून ऐकत ऱ्हायली. म्हणली, "मला कमी ऐकू येतं. मोठ्यांदा सांग."

हिला आपल्या आळीतल्या भांडणाचा शब्दन् शब्द ऐकू येतो! पर मी मोठ्यांदा सांगितलं, "माजी चूक झाली! बायकूचं बियाणं मी दळलं!"

"आन् तोरणाचं काय म्हणायचास?"

"खूळ म्हणायचो! खूळ माज्या डोक्यात व्हतं!"

एवढ्यात आजूबाजूच्या बाया दारात. हसून हसून पदर त्वांडात. अंबूबाईनं तोरण काढलं, लेकरू द्यावं तसं दोन्ही हातांनी माज्या पाटीत ठेवलं आन् वर तिळगूळ हातावर टाकला. "घे. आता तरी गोड बोल."

मग काय, माज्या आधी बातमी पुढल्या घरी. जिथं जाईन तितं, "आबा, आमाला न्हाई ऐकू आलं, परत सांगा!" संदेशच्या घरी त्यानं मोबाईल काढून माजा व्हिडिओ केला. दुसऱ्या दिशी त्यो देहूरोडपतूर आमच्या पाव्हण्यांनी बघितला. मी कान लाल करून एकेका दारात तेच बोललो, अठरा वेळा. आन् अठरा घरांत एकानं बी तोरण द्यायला मागंपुढं बघितलं न्हाई. उलट एक बाई म्हणली, "आवं, चिंगीच्या आईचंच हाय त्ये, आमी नुसतं दारात ठिवलं व्हतं."

उन्हं कलताना घरी आलो. पाटी चिंगीपुढं उतरवली. ती वाल सोलत व्हती. पाटीत बघितलं, मग माज्याकडं, मग परत पाटीत. तिच्या डोळ्यांतनं पाणी आलं, पर मी काय बोलायच्या आत तिनं सूप वढलं आन् एक तोरण हातात घेऊन लोंब्या चोळायला लागली. मी बी बसलो. रूपा बी बसली. पोकळ दाणं पाखडून उडवलं, काड्या वेचल्या. बी भरलं दोन पायल्यांना पसाभर कमी.

चिंगीनं त्ये मडक्यात भरलं, तोंडाला फडकं बांधलं. उमेश परत आल्यापास्नं तांबडी चिंधी खुंटीला लटकत व्हती, ती त्यावर गच्च आवळली.

"खालच्या खाचरापुरतं हाय," ती म्हणली. किती बरं वाटलं तिचा आवाज ऐकून! "पर ह्ये मी वरच लावते. खाली तुमची इंद्रायणी लावा."

"वर? वर पाणी ठरतं का? एवढं मागून आणलेलं बी करपवायचंय का? खालीच लागंल!"

"मी वर म्हणते न्हवं!"

"आन् मी खाली म्हणतो! राब बी वड्याकडंच भाजायचा, तू म्हणशील त्या जागंवर!"

"झालं, सुरू झालं," रूपा हसत चुलीकडं गेली.

चिंगी मोकळी तोरणं गोळा करता करता थांबली. बोटांवर मोजली. "अठरा. आपलं कुटं हाय?"

"दारावर."

"त्ये न्हाई काढलं?"

"मग चिमण्यांनी काय खायाचं?" मी खेकसलो.

चिंगी हसायला लागली. एवढी हसली की ठसका लागला. मग उठली, डब्यातनं तिळगुळाचा लाडू आणला आन् माज्याजवळ बसली.

"तुमी लबाड न्हाई," ती म्हणली. "नुसतं तोंड वाईट हाय."

मी काय तरी बोलणार व्हतो, पर तिनं अख्खा लाडू माज्या त्वांडात कोंबला. वर दारात चिमण्यांचा दंगा चालला व्हता आन् मी गप बसून त्यो ऐकत व्हतो.