वंगणात रुतलेला पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. साधासुधा नव्हे, विजेवर सरकणारा. आता अंगात त्राण उरलेलं नाही, म्हणून थोडक्यातच सांगतो.

एकोणीसशे अठ्ठावन्नच्या सुमारास नागपूरच्या एका कारखान्यात मला फिरत्या दवाखान्याच्या गाडीत बसवलं. वर लोखंडी पन्हळ, तिच्यात लहान चाकं आणि कोपऱ्यात इवलीशी मोटर. बटण दाबलं की तपासणीच्या खाटेपुढे मी सर्रकन सरकायचो.

यवतमाळ जिल्ह्यात आमची फेरी सुरू झाली. दुखणं राहिलं बाजूला, लोक आधी मलाच बघायला यायचे. ड्रायव्हर वामनराव मोठे हौशी. गाव आलं की उगीच बटण दाबून दाखवायचे. तेव्हा मीही फार फुगलो होतो.

पण हा कापसाचा मुलूख. वेचणीच्या दिवसांत हवेत रुई आणि रस्त्यावर काळ्या मातीचा फुफाटा. दोन्ही माझ्या पन्हळीत येऊन बसायचं. मी अडखळू लागलो. वामनरावांना औषध एकच ठाऊक, तेल. केळापूरकडच्या एका बंजारा तांड्याचे नायक खेमसिंग तर आमची वाटच बघत. त्यांच्या वाडवडिलांनी बैलांवर माल लादून मुलूख पालथा घातलेला. बैलबंडीच्या आसाला लावायचं वंगण ते बोटानं, अगदी मायेनं माझ्या पन्हळीत भरत. मग मी थोडे दिवस पळायचो आणि त्याच चिकट्यात पुन्हा रुई साचायची. लाड सगळेच करत, पुसत मात्र कोणी नव्हतं.

एके सकाळी त्याच तांड्यावर खेमसिंगांची सून जमनी गाडीत चढली. लेकरू अंगावर पिणारं, छातीत गळू, अंग तापानं फणफणलेलं. डॉक्टर विमलताईंनी बटण दाबलं. मी निम्म्यात आलो आणि रुतलो. मोटर नुसती घुरघुरत राहिली, हातानं ओढूनही मी हललो नाही. दारात खुद्द सासरा उभा, माझं कौतुक बघायला. कांचळीच्या, म्हणजे चोळीच्या, गाठीवर गेलेला जमनीचा हात तिथेच थांबला. तिनं घुंगट खाली ओढला, लेकरू उचललं आणि ती उतरू लागली. विमलताईंनी परोपरीनं विनवलं. ती एवढंच पुटपुटली, "पडदा नाही लागला त मी नाही दाखवत, बाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

विमलताईंनी वामनरावांना स्पष्टच सांगितलं, गळूचं विष अंगात भिनलं तर ही बाई हाती लागायची नाही. वामनरावांनी गाडी पुढे नेलीच नाही. लिंबाखाली मला उतरवून त्यांनी पन्हळ सोडवली. खेमसिंग लगबगीनं वंगणाचा डबा घेऊन आले. पहिल्यांदाच वामनरावांनी हात आडवा केला.

"वंगण नको, नायक. आधी पुसू द्या."

काडीनं खरवडल्यावर आतून काळा, घट्ट बोळाच निघाला. खेमसिंग तो बघतच राहिले.

"मी त भलंच करून राह्यलो होतो," ते म्हणाले.

"मीबी तेच करून राह्यलो होतो ना," वामनराव म्हणाले.

चाकं रॉकेलनं धुतली, कोरडी पुसली, मला झटकून पुन्हा चढवलं. तोवर खेमसिंगांनी डबा घरी नेऊन ठेवला होता. सुनेला घेऊन यायला त्यांनी बायकोला, मथुराबाईला, सांगितलं आणि स्वतः लांब विहिरीपाशी पाठ करून उभे राहिले.

जमनी आली. विमलताईंनी बटण दाबलं आणि मी सरकलो, थेट शेवटापर्यंत. तिनं गाठ सोडली. गळूला चीर देताना धरायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तिनं मलाच मुठीत आवळलं. पुढच्या फेरीला ती लेकरू कडेवर घेऊन आमच्याकडे बघत उभी होती.

गाडी कधीच मोडीत गेली. मोटरही गेली. आता एका दवाखान्याच्या खोलीत मला हातानंच ओढतात. माझ्या काठावर त्या मुठीची चुणी अजून आहे. मी थकलोय, अधूनमधून अडतो, आणि कोणीतरी लगेच तेलाची बुदली शोधू लागतं.

मित्रांनो, मागणं एवढंच. आधी फडकं घ्या. माझ्या आड कोणीतरी गाठीवर हात ठेवून बसलेलं असतं.