शेवटचे दोन टाके

सर्जनसाहेबांना झटपट शस्त्रक्रियेवर भाषण ठोकायला जायचं होतं आणि टेबलावर त्यांचेच सासरे होते. दोन टाके उरले असताना ते भूलतज्ज्ञ बाईंवर खेकसले, “पोट घट्ट लागतंय! स्नायू सैल करायचं औषध द्या.”

“आता दिलं तर अर्धा तास स्वतःहून श्वास घेणार नाहीत.”

“द्या हो, शिकवू नका!”

बाईंनी दिलं. टाके लगेच आटोपले. साहेबांनी हातमोजे भिरकावले. “चला, उठवा.”

“औषध उतरल्याशिवाय?”

“मग मी निघतो.”

“खुशाल निघा. बाहेर तुमच्या मिसेस उभ्या आहेत. बाबा अजून का उठले नाहीत, तेवढं जाता जाता सांगा.”

साहेब स्टुलावर बसले. तिकडे सभागृहात झटपटवाले ताटकळले.