मावळतीकडून येणारे विमान

नकाशे आखण्यात ज्यांचे आयुष्य गेले ते थोरले बंधू रुग्णालयाच्या खाटेवर पडून होते, आणि मुलीला डोळे भरून पाहिल्यावाचून शस्त्रक्रियेला जाणार नाही, असा त्यांनी हट्ट धरला होता. मुलगी मावळतीकडच्या दूरदेशी राहत असे. शल्यविशारदांनी आजच्या संध्याकाळपर्यंतची मुदत दिली. त्यापुढे थांबणे हृदयाला झेपणार नाही, हेही स्पष्ट सांगितले.

ही मुदत पुरेल, अशी ग्वाही धाकट्याने दिली होती. विमानात बसलेला घरात तोच एक, म्हणून या विषयात त्याचा शब्द अखेरचा. पुतणीकडे गेला तेव्हा तो सकाळी निघाला होता आणि त्याच दिवशी उन्हे कलण्याआधी तिच्या दारात उभा होता. तेव्हा तीही आज सकाळी निघाली की दिवेलागणीला येथे हजर, असा त्याचा सरळ हिशेब. वहिनींना तो पटला. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी पोटभर जेवण केले.

उन्हे कलल्यावर धाकटा विमानतळावर जाण्यासाठी पायात जोडे चढवीत होता, तोच पुतणीचा निरोप आला. ती आत्ता विमानात बसत होती. तिकडे आत्ता कुठे सकाळ झाली होती. येथे ती उद्या पहाटे उतरणार होती.

धाकट्याला आता चूक उमगली. जाताना सूर्य त्याच्या सोबतीने चालला होता, म्हणून दिवस लांबला होता. येताना तोच सूर्य समोरून येऊन ओलांडून जाणार, हे त्याच्या ध्यानीमनी आले नव्हते. खाटेपाशी जाऊन त्याने मान खाली घालून सारे सांगितले.

दादांनी त्याला जवळ बसायची खूण केली.

"मला ठाऊक होतं रे," ते म्हणाले. "जन्मभर रेखांश आखले मी."

"मग बोलला का नाहीस, दादा?"

"तू इतक्या खात्रीनं सांगत होतास. मलाही वाटलं, असेल बुवा. विमानात तू बसलायस, मी थोडाच?"

त्यांना किंचित हसू आले, आणि धापही लागली. मग त्यांनी शल्यविशारदांना बोलावून घेतले आणि आता थांबायचे कारण उरले नाही, असे सांगितले. वहिनींना धाकट्यानेच समजावले. त्या रागावल्या नाहीत. दादांच्या ढकलगाडीच्या कडेला हात ठेवून शस्त्रक्रियागृहाच्या दारापर्यंत चालत गेल्या. दार मिटल्यावर परत येऊन बाकावर टेकल्या.

"भावजी, ती आता कुठवर आली असेल?"

धाकट्याने खिडकीबाहेर पाहिले. बाहेर अंधारू लागले होते. तिच्याकडे अजून लख्ख ऊन असणार.

"नाही सांगता येत, वहिनी," तो म्हणाला, आणि त्यांच्या शेजारी बसला.