मातीच्या सासूबाई

सुनेने दारासमोरच्या दोरीची कडी सोडवली आणि सासूला हाताला धरून शेवटच्या पायरीवर आणलं. म्हातारी सकाळपासून केस विंचरून तयार बसली होती. घरी ने, घरी ने, एवढंच तिचं वर्षभर टुमणं होतं.

राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा इथलं गाव उठवलं. झाडं राहिली, हरणं राहिली, धबधब्याचं तर तिकिटावर चित्र आलं. माणसं तेवढी नको झाली. मग ‘पूर्वी लोक असे राहत’ हे दाखवायला एक घर जपून ठेवलं. ते नेमकं यांचं. सून आता तिथे पगारावर झाडलोट करी. “माझ्याच घरची मोलकरीण मी,” असं ती हसून सांगे, आणि ऐकणाऱ्याला हसावं की नाही कळत नसे.

“एकदाच हं, वहिनी,” पहारेकरी म्हणाला. “साहेबांना कळलं तर माझी खैर नाही. टेकू द्या आजींना घटकाभर.”

म्हातारी उंबऱ्याशी आली आणि थबकली. आत चुलीपाशी एक मातीची बाई बसवली होती. पाठमोरी, पांढऱ्या केसांची.

म्हातारीने मान खाली घातली.

“सासूबाई, आले मी.”

सुनेच्या लक्षात आलं. या घराची एक रीत होती. आतून ‘ये’ ऐकू आल्याशिवाय सुनेने उंबरा ओलांडायचा नाही. ती नवी असताना याच सासूने तिला भर उन्हात ताटकळत ठेवलं होतं. पुढे दोघी त्यावर पोट धरधरून हसत.

“चला आत. कोणी नाहीये तिथे.”

“हळू बोल. ऐकतील.”

म्हातारी जागची हलेना. शेवटी सून मागच्या दाराने आत शिरली, मातीच्या बाईआड बसली आणि आवाज जड करून म्हणाली,

“ये गं. ये आत.”

म्हातारीने मान वर केली. बराच वेळ पाहिलं. मग मायेने हसली.

“तू कशाला बोलावतेस, वेडे? तुला तरी कोणी बोलावलंय?”

सुनेने हातानेच जमिनीवरची नसलेली धूळ सारली आणि ती उठली.

“रागावल्यात,” ती बाहेर आल्यावर म्हातारी कुजबुजली. “घर टाकून गेलो ना आपण.”

“वहिनी, आवरा. गाडी आली लोकांची.”

“उद्या येऊ,” म्हातारी म्हणाली. “उद्या उतरेल राग.”

“हो. उद्या येऊ.”

सून दोरी अडकवायला वाकली. कडी बसली, तेव्हा म्हातारीने ती स्वतः ओढून पाहिली.

“नीट लाव गं. त्या एकट्याच आहेत आत.”