सासूबाईंचं गाडगं

सासूबाईंना जाऊन बावीस दिवस झाले होते आणि त्यांच्या अस्थींचं गाडगं अजून गच्चीवर टीव्हीच्या अँटेनाला बांधलेलं होतं. अस्थी काही घरात घेत नाहीत, आणि भाईंदर पूर्वेच्या दोन खोल्यांना अंगण आणायचं कुठून? तेराव्याला मोठे दीर आत्माराम भावोजी छाती ठोकून म्हणाले होते, सगळे मिळून नाशिकला जाऊ, गोदावरीत सोडू. मग त्यांना रजा मिळेना, मग त्यांच्या बायकोची, ममतावहिनींची, कंबर धरली, मग मुलांच्या परीक्षा आल्या. शेजारणींच्या पापडांशेजारी गाडगं आपलं लटकतंय. धाकटी सून सुचेता रोज कपडे वाळत घालायला वर जाई, ते बघे, आणि तिला दिराची किळस येई.

तशी ती किळस करणारी बाई नव्हे. सासूबाई सहा महिने अंथरुणाला खिळून होत्या, त्यांचं हगणं-मुतणं तिनेच काढलं, पण कधी नाक मुरडलं नाही. नाक मुरडायचे ते भावोजी. दारातूनच "आई, बरी आहेस ना?" विचारायचे आणि चहाही न घेता सटकायचे. खुद्द म्हातारीला किळस होती ती फक्त खिडकीखालून खाडीला जाणाऱ्या नाल्याची. "सुचेता, मला कुठेही सोडा, पण त्या खाडीच्या घाणीत नको गं," असं तिने सुनेचा हात धरून सांगितलं होतं, आणि सुचेता हो म्हणाली होती.

बाविसावा दिवस रविवार होता. भावोजी सकाळीच सहकुटुंब हजर झाले, ते नवीन टूम घेऊन. काशीगावच्या मागे डोंगरात, जंगलात, एका नदीचा उगम आहे म्हणे. "उगमाचं पाणी म्हणजे गंगाच. नाशिकला तरी वेगळं काय मिळणार? जेवायला दुपारी घरी." सुचेताचा नवरा काशीनाथ भावाच्या शब्दाबाहेर नव्हता. त्याने मुकाट्याने वर जाऊन सुतळी सोडली.

काशीगावपर्यंत रिक्षा, पुढे पायी. नदी कसली डोंबलाची, नालाच तो. तबेल्यांचं शेण, कुठल्याशा कारखान्याचा निळा फेस, फुगून वर आलेलं एक कुत्रं. सुचेताने पदर नाकाला लावला तो अर्धा तास काढला नाही. पुढे झाडी लागली, वास सरला, करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलल्या होत्या. तेवढ्यात ममतावहिनींनी कटलेटचा डबा उघडला. गाडगं एका दगडावर ठेवून सगळे खायला बसले. काशीनाथची बोटं हिरव्या चटणीने माखली, आणि त्याच बोटांनी त्याने गाडग्याचं फडकं सारखं केलं. आपण आईच्या अस्थी घेऊन निघालोय की सहलीला, हे विचारायचीसुद्धा सुचेताला शिसारी आली.

"काका, हे पाणी पुढे कुठे जातं?" सुचेताच्या आठ वर्षांच्या लेकीने, सुरुचीने विचारलं.

"आपल्या खिडकीखालच्या नाल्यात," भावोजी कटलेट चावत म्हणाले, "आणि मग खाडीत."

म्हणाले, पण आपण काय म्हणालो ते त्यांच्या डोक्यात काही शिरलं नाही. सुचेताच्या शिरलं.

"खाडीतच टाकायचं होतं तर जिना उतरून टाकलं असतं की, भावोजी."

"अगं, उगमाला सगळं शुद्धच असतं. पुढचं पुढे."

उगम म्हणजे खडकाच्या बेचक्यातून येणारी करंगळीएवढी धार. खाली दगड रचून केलेलं कुंड, भोवती झाडून लख्ख केलेली जमीन. एक आदिवासी बाई करवंटीने हंडा भरत होती. चपला तिने चांगली वीस पावलं लांब काढल्या होत्या. भावोजी बूट घालून थेट कुंडापाशी गेले.

"बाई, जरा सरक. अस्थी सोडायच्यात."

बाई हलली नाही. "हे आमी पितो," ती म्हणाली. "आख्खा पाडा पितो."

"एवढ्याशाने काय होतंय? पवित्रच असतं ते," भावोजी म्हणाले, आणि काशीनाथने फडक्याची गाठ सोडायला घेतली.

बाईने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. ती नजर सुचेताला ओळखीची होती. सकाळपासून ती स्वतः त्या कुत्र्याकडे, त्या फेसाकडे तशीच बघत आली होती. तिला आपल्या माणसांची लाज वाटली, आणि इथवर मुकाट चालत आल्याबद्दल स्वतःचीही. तिने नवऱ्याच्या हातातून गाडगं ओढून घेतलं.

"उद्या पहिल्या एसटीने मी आईंना घेऊन नाशिकला जातेय. ज्याला यायचं त्याने यावं."

मग भावोजींनीच त्या बाईपुढे ओंजळ धरली. तिने पाणी घातलं. ते पोटभर प्यायले आणि मिशा पुसून म्हणाले, "गोड आहे हो पाणी."

सुचेता सुरुचीचा हात धरून उतरायला लागली. काशीनाथ मागून धावत आला. "दे, मी धरतो. मीही येतो उद्या."

तिने त्याच्या बोटांकडे पाहिलं. चटणी वाळून हिरवी पापडी झाली होती.

"आधी हात धुवा," ती म्हणाली. तो झऱ्याकडे वळला.

"तिथे नाही. खाली नाल्यात."