मशेरी कुठे तंबाखू असते!

बाळकुमला नणंदेच्या मुलीचं डोहाळजेवण होतं आणि फोटोग्राफर अंगात आल्यासारखा ओरडत होता. "चला, दोन्ही गरोदर ताई मध्ये या!" हॉलमध्ये गरोदर एकच होती. दुसरी म्हणून त्याने जिच्याकडे बोट दाखवलं ती तिची मामी प्रीती, वय एकोणचाळीस, नऊ वर्षांच्या जुळ्या मुलींची आई. प्रीती मध्ये गेली. दुसरं काय करणार? हसली, फोटो काढून घेतला आणि श्रीखंडाच्या वाटीला हातही न लावता शहाडला घरी आली.

आता पोट कुणाला नसतं? पण प्रीतीचं पोट खाण्याचं नव्हतंच. दोन पोरी एकदम वाढवताना कातडी जी ताणली ती परत जागेवर आली नाही. दोन वर्षं तिने रोज चालून, गोडधोड सोडून बारा किलो वजन उतरवलं. वजन गेलं आणि कातडी मागे राहिली, पाहुणे गेल्यावर घरभर पसरलेल्या गाद्यांसारखी. साडी नेसताना ती घडी निऱ्यांखाली कोंबावी लागे आणि उन्हाळ्यात तिथे पुरळ उठे. हे फोटोग्राफरला कोण सांगणार? त्या रात्री तिने पोटाचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलं.

"मला तर तू अशीच आवडतेस," तिचा नवरा प्रशांत म्हणाला. हे वाक्य नवरे फार स्वस्तात देतात.

"तुला आवडते रे. अंगावर मी घेऊन फिरते," प्रीती म्हणाली. पैसे तिने स्वतःच्या पगारातून साठवलेले होते, त्यामुळे त्या बाजूने कुणाला बोलायला जागा नव्हती. सासूबाई, रमाबाई, एवढंच म्हणाल्या, "धडधाकट बाईनं सुरी लावून घ्यायची म्हणजे काय गं?"

ठाण्यातल्या प्लास्टिक सर्जन डॉक्टर अंतरा बोलायला मोकळ्या. त्यांनी आधी प्रीतीचा उत्साह जरा खाली बसवला.

"हे वजन कमी करायचं ऑपरेशन नाही. वजन तुम्ही उतरवलंत आणि टिकवलंत, म्हणून तर आपण बोलतोय. जास्तीची कातडी काढायची, मधून फाकलेले स्नायू शिवायचे, एवढंच. या बाजूपासून त्या बाजूपर्यंत व्रण राहील. पुसट होईल, जाणार नाही. अजून मूल हवंय?"

"दोन एकदम झाली, डॉक्टर. कोटा संपला."

"पहिले काही दिवस वाकून चालावं लागेल, पोटाला नळ्या असतील. सहा आठवडे जड उचलायचं नाही, भरलेली बादलीसुद्धा नाही. घरी करायला कोण आहे?"

"सासूबाई आहेत."

"आणि कुणासाठी करताय हे?"

"माझ्यासाठी. थोडं त्या फोटोग्राफरसाठीपण."

डॉक्टर हसल्या आणि पुढचा कागद ओढून म्हणाल्या, "विडी, सिगारेट, तंबाखू?"

"छे हो! शाळेत शिकवते मी. आमच्या घरात सुपारीचं खांडसुद्धा सापडणार नाही."

"नीट आठवून सांगा हं. तंबाखूने रक्तपुरवठा कमी होतो. कातडी ताणून शिवलेली असते, तिला रक्त पोचलं नाही तर जखम काळी पडते, उलते."

प्रीतीला आठवण्यासारखं काही वाटलंच नाही. तिने 'नाही'पुढे खूण केली, खाली सही केली. मे महिन्याची तारीख ठरली. शाळेला सुट्टी, त्यात सहा आठवडे बरोबर बसत होते. वर्षभरात एवढी सलग सुट्टी दुसरी नव्हतीच.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. रोज सकाळी घर उठायच्या आधी सासू-सून मागच्या गॅलरीत दोन पाटांवर बसून दातांना मशेरी लावत. रमाबाई ती घरीच तव्यावर भाजायच्या, हाताने चुरायच्या आणि पितळेच्या डबीत भरायच्या. ही सवय प्रीतीला माहेरची नव्हती. जुळ्या झाल्या तेव्हा एक निजली की दुसरी रडायची. प्रीतीला वेड लागायची पाळी आली होती. अशाच एका पहाटे रमाबाईंनी तिला गॅलरीत बसवलं, तळहातावर चिमूटभर काळी पूड ठेवली आणि म्हणाल्या, "घास दात. डोकं हलकं होईल." डोकं खरंच हलकं झालं. तेव्हापासून नऊ वर्षं तो पाऊण तास दोघींचा होता. नणंदेची उणीदुणी, प्रशांतच्या लहानपणच्या खोड्या, कधी रमाबाईंनी आयुष्यात कुणालाच न सांगितलेलं काहीबाही. माहेरी आई नसलेल्या प्रीतीला त्या पाटावर आई भेटली होती, हे तिने तोंडाने कधी म्हटलं नाही इतकंच. आणि मशेरी म्हणजे काय, तर दात घासणं. दात घासण्याला व्यसन कोण म्हणतं?

एप्रिलमध्ये शाळेत तंबाखूमुक्तीची शपथ होती. दरवर्षीसारखी प्रीतीने ती पाचवीच्या वर्गाकडून म्हणून घेतली. "मी विडी, सिगारेट, गुटखा, मशेरी..." मागून पोरं घोकत होती. शपथ संपल्यावर एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, मशेरीपण? माझी आजी लावते. ती म्हणते, मशेरी कुठे तंबाखू असते!"

"असते गं," प्रीती म्हणाली. "तंबाखू भाजूनच तर करतात." आणि तिच्याच तोंडचे शब्द तिच्या कानात शिरले. सहा वर्षं ती हा शब्द दरवर्षी मोठ्याने वाचत होती. माहीत असणं वेगळं आणि अंगाला लागणं वेगळं, म्हणतात ते खोटं नाही.

घरी येईपर्यंत मनाने दोन वकील उभे केले. एक म्हणे, कुणाला कळतंय? उद्यापासून बंद कर, तीन आठवडे आहेत, पुरे झाले. दुसरा नुसता डॉक्टरांचा शब्द काढी, काळी पडते. तारीख गेली तर सुट्टी गेली. ऑपरेशन लांबलं की आपला धीरही जाईल, हे प्रीतीला पक्कं ठाऊक होतं.

तिने पहिल्या वकिलाचं ऐकलं. दुसऱ्या दिवशी गॅलरीत न जाता मोरीत ब्रश केला. दुपारपर्यंत डोकं फुटायची वेळ आली. जुळ्यांवर खेकसली, प्रशांतच्या डब्यात भाजी घालायची विसरली. तिसऱ्या दिवशी ब्रश करून वळते तर दारात रमाबाई उभ्या, हातात डबी.

"तीन दिस झाले, एकटीच बसते मी," त्या म्हणाल्या. "काय गं, नवं पोट येणार म्हणून आता म्हाताऱ्या बाईजवळ बसायची लाज वाटती का?"

प्रीतीला रडूच कोसळलं. तिथेच मोरीच्या उंबऱ्यावर बसून तिने सगळं सांगितलं. कागदावरचं 'नाही', शाळेतली मुलगी, रक्त, काळी जखम. रमाबाईंनी हातातली डबी उंबऱ्यावर ठेवली.

"म्हणजे मीच दिली ना तुला," त्या म्हणाल्या.

"तसं नाही आई. तुम्ही मला सांभाळलंत तेव्हा."

"सांभाळलं खरं. पण दिली मीच." त्यांनी पदराने डोळे पुसले आणि आवाज चढवला. "आणि डाक्टरीणबाईला सांगितलंस का?"

"सांगितलं तर तारीख जाते."

"तारीख जाईल, पुन्हा येईल. तू गेलीस तर तुझ्या दोघी पोरी मी कुणाच्या दारात नेऊ? चल, साडी बदल."

त्याच संध्याकाळी सासू-सून ठाण्याला गेल्या. प्रीतीने तोंड उघडायच्या आत रमाबाईंनी डबी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. "बाई, ही खोटं बोलली नाही. आमच्यात तंबाखू म्हणजे बाप्ये मळून खातात ती. बायका दात घासतात. चूक झाली ती अशी."

डॉक्टर रागावल्या नाहीत. उलट कपाळावर हात मारून म्हणाल्या, "चूक माझीही आहे. मी मशेरी असं नाव घेऊन विचारायला हवं होतं." पण तारीख मात्र काढून टाकली. आधी किमान सहा आठवडे पूर्ण बंद, नंतरही बंदच, आणि ऑपरेशनआधी लघवीची तपासणी होईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. शेवटी दिवाळीची सुट्टी आणि तिला जोडून रजा, असं ठरलं. रिक्षात बसल्यावर प्रीतीला फार वाईट वाटलं, आणि फार मोकळंही वाटलं.

पुढचे सहा महिने सोपे गेले असं कोण म्हणेल? प्रीती दोनदा घसरली. दोन्ही वेळा रात्र व्हायच्या आत तिने ते रमाबाईंना सांगितलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली. गॅलरीतले पाट मात्र हलले नाहीत. आता दोघी तिथे बडीशेप चघळत बसायच्या. रमाबाई स्वतः लावतात की नाही, हे प्रीतीने विचारलं नाही. अडुसष्टाव्या वर्षी बाईला काय उपदेश करायचा? मशेरीचा तवा मात्र तिला कुठे दिसला नाही.

दिवाळीनंतर तपासणीच्या दिवशी सिस्टर नीलाने प्रीतीला बाटली दिली. रमाबाईंनी हात पुढे केला. "मलापण एक दे."

"आजी, तुमचं ऑपरेशन आहे का?"

"नाही गं. पण हिच्याजवळ बसायचं, तर मी लावून कशी बसू? वास तर हिलाच येणार ना. सहा महिने झाले मला. खरं-खोटं होऊन जाऊ दे."

सिस्टरने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी मान डोलावली.

तासाभराने दोन कागद आले. दोन्ही निगेटिव. निगेटिव म्हणजे चांगलं, हे रमाबाईंना करोनाने शिकवलं होतं. तरी त्यांनी आपला कागद प्रीतीपुढे धरला. सहीपुरतीच अक्षरं येणाऱ्या त्या बाईने नावावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे माझंच ना?"

"तुमचंच आई. पास झालात."

"शाळेत घातलंच नाही आमच्या बापानं," रमाबाई म्हणाल्या. "जन्मात पहिल्यांदाच पास झाले बघ." आणि त्यांनी तो कागद चार घड्या घालून कमरेच्या पिशवीत ठेवला, जिथे पूर्वी डबी असायची.

दुसऱ्या दिवशी प्रीतीला आत नेताना त्या स्ट्रेचरसोबत दारापर्यंत चालत आल्या. "जा," त्या म्हणाल्या. "बादल्या मी भरते."